निळा, बोटभर, शेपूट पिवळं

अंदमानला जाऊन आलेली मंडळी पाण्याखाली काढलेला एखादा फोटो पुढे करतात आणि विचारतात, "हा कुठला मासा?" फोटोत मासा असेलच असं नाही. बऱ्याचदा तो नुकताच चौकटीबाहेर गेलेला असतो आणि मग तोंडी वर्णन सुरू होतं: निळा, बोटभर, शेपूट पिवळं. दादर स्टेशनवर 'निळा शर्ट, मध्यम बांधा' एवढ्या खुणेवर माणूस हुडकायला सांगावं, तशातली ही गत. डॅमसेल माशांच्या पोमासेंट्रिडी कुळात चारशेहून अधिक प्रजाती आहेत आणि वरच्या तीन शब्दांत बसतील अशा निदान सहा तरी सहज निघतात. क्रायसिप्टेरा पॅरासेमा, क्रायसिप्टेरा हेमिसायानिया, पोमासेंट्रस सेरुलियस, पोमासेंट्रस ॲलेनाय, पोमासेंट्रस ऑरिव्हेंट्रिस, पोमासेंट्रस सिमिलिस. शिवाय क्रायसिप्टेरा सायानिया आहेच. तिचा नर काही भागांत पिवळ्या-नारिंगी शेपटीचा असतो, काही भागांत नखशिखांत निळा, आणि मादीच्या पाठीच्या परावर मागच्या बाजूला एक काळा ठिपका असतो.

मग प्रवाळातला एवढासा मासा ओळखायचा कशावरून? गेली अडीचशे वर्षं या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं मिळाली: रंगावरून, काट्यांच्या मोजणीवरून, राहत्या जागेवरून, डीएनएवरून. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या माशाने खोटं पाडलं आहे. त्यामुळे मला प्रश्न थोडा वळवून विचारावासा वाटतो. खूण सगळ्यात चांगली कुठली, यापेक्षा समोरच्या माशाच्या बाबतीत कुठली चालते, हे कसं कळतं?

सुरुवात पत्त्यापासून करू, कारण जाणकार माणूस रंगाच्या आधी 'कुठे दिसला?' असं विचारतो. वरच्या यादीतला पोमासेंट्रस सेरुलियस आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मालदीवपर्यंत राहतो. पोमासेंट्रस सिमिलिस श्रीलंका, अंदमानचा समुद्र आणि त्यापलीकडे. लॅटिनमध्ये 'सिमिलिस' म्हणजे 'सारखा'. ऑस्ट्रेलियात काम करणारे जेराल्ड ॲलन यांनी 1991 साली हे नाव दिलं, तेव्हा गोंधळाची कबुली नावातच देऊन टाकली. क्रायसिप्टेरा पॅरासेमा इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचा. म्हणजे अंदमानच्या फोटोपुरती अर्धी यादी मासा नीट न बघताच गळून पडते.

याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे नीमो. 2003 सालच्या त्या चित्रपटाने भगव्या-पांढऱ्या क्लाउनफिशला घरोघरी पोचवलं. पण अशा दिसणाऱ्या प्रजाती दोन: अँफिप्रिऑन ऑसेलारिस आणि अँफिप्रिऑन पर्क्युला. पहिल्याच्या पाठीवर सहसा 11 काटे, दुसऱ्याच्या 10. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना काळी किनार बरीच जाड, पण तीही प्रत्येकात नाही. काचेच्या टाकीत शेजारी ठेवले तर हौशी माणूस हमखास चकेल. समुद्रात मात्र दोघांनी मुलूख वाटून घेतले आहेत. पर्क्युला न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला. ऑसेलारिस अंदमानापासून आग्नेय आशिया, जपानची दक्षिण बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला. अंदमानात दिसलेल्या क्लाउनफिशचे काटे मोजायला कुणी जात नाही ते यामुळे. गंमत अशी की चित्रपटाची कथा घडते ग्रेट बॅरियर रीफवर आणि नीमोला बहुतेक जण ऑसेलारिस मानतात, जो तिथे राहतच नाही!

पत्ता नेहमी खरा असतो असंही नाही. आपल्या बाजूच्या समुद्रातला लायनफिश 1980च्या दशकापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसू लागला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. हौशी लोकांनी टाकीतले मासे समुद्रात सोडले असावेत, असं मानतात. आणि मत्स्यालयाच्या दुकानातल्या माशाला तर पत्ताच नसतो. 'ब्ल्यू डॅमसेल' अशी चिठ्ठी लावलेल्या टाकीत दोन-तीन प्रजाती एकत्र पोहताना मी पाहिल्या आहेत. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही, भाव एकच असतो.

नावांकडे वळलं की एक गोष्ट जाणवते. उष्ण समुद्रांतल्या माशांना नावं देण्याचा उद्योग बराचसा डॉक्टरांनी केला. बर्लिनचा मार्कस ब्लॉख डॉक्टर. फ्रेंच जहाजांवरून जगाला वळसा घालणारे क्वाय आणि गेमार हे दोघे जहाजाचे डॉक्टर. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, नेमणुकीवर असलेला डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लेकर. त्याने एकट्याने दोन हजारांच्या घरात नवे मासे नोंदवले. 'द फिशेस ऑफ इंडिया' लिहिणारा फ्रान्सिस डे मद्रासच्या लष्करी सेवेतला सर्जन. हाडं आणि काटे मोजायची सवय या मंडळींना धंद्यानेच लागली असणार. ब्लॉखने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. त्याला इथले मासे धाडायचा तरंगमबाडीचा एक मिशनरी, ख्रिस्तोफ जॉन. त्याच्या नावावरून ब्लॉखने एका वंशाला 'जॉनियस' म्हटलं. आपण कोळंबीबरोबर किंवा कालवणासाठी जो ढोमा आणतो, तो या जॉनियस वंशातला.

पण मला ज्याचं नाव घ्यायचं आहे तो पीटर फोर्सकोल, आणि तो डॉक्टर नव्हता. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता. तांबड्या समुद्रातले मासे त्याने झाडपाल्यासारखे जतन केले: माशाची एका बाजूची कातडी सोलून कागदावर चिकटवायची आणि दाबून वाळवायची. ती पानं कोपनहेगनच्या संग्रहालयात आजही आहेत. 1763 साली तो येमेनमध्ये मलेरियाने गेला. मोहिमेतले उरलेले लोक जहाजाने मुंबईकडे निघाले, त्यातला चित्रकार वाटेतच वारला, डॉक्टर मुंबईला पोचून वारला. शेवटी एकटा कार्स्टन नीबूर जिवंत राहिला. त्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढली आणि घरी पोचल्यावर, 1775 साली, फोर्सकोलची टिपणं छापली. त्या पुस्तकात एका माशाचं स्थानिक अरबी नाव फोर्सकोलने जसंच्या तसं ठेवलं होतं: अबू-देफदुफ. आज ॲब्युडेफडफ हा एका अख्ख्या वंशाचा अधिकृत लॅटिन शिक्का आहे. उभ्या काळ्या पट्ट्यांमुळे इंग्रजांनी या माशांना सार्जंट म्हटलं. मालवणात सिंधुदुर्गाच्या आसपास डोळ्यांना काच लावून पाण्यात तोंड घातलं, की सगळ्यात आधी हेच सार्जंट अंगावर येतात. त्यांच्याकडे शेवटी परत यायचं आहे.

आता मोजणी. माशाच्या पाठीच्या परात पुढे कडक काटे असतात आणि मागे मऊ, टोकाशी फाटलेल्या काड्या. वर्गीकरणाच्या पुस्तकांत काटे रोमन आकड्यांत लिहितात आणि काड्या साध्या आकड्यांत. एखाद्या सार्जंटचं वर्णन 'तेरा रोमन, स्वल्पविराम, तेरा' असं सुरू होतं आणि पुढे बाजूच्या रेषेवरचे खवले, कल्ल्याच्या कमानीवरचे दाते, पोटाखालच्या पराचे काटे असं जमाखर्चासारखं चालू राहतं. वाचायला रुक्ष, पण यात ताकद आहे. डॅमसेल कुळातल्या माशाला पोटामागच्या परात दोनच काटे असतात आणि नाकाला बहुधा दोन्ही बाजूंना एकेकच भोक. या दोन खुणांवर फुलपाखरी मासे आणि त्यांच्यासारखे दिसणारे इतर बाजूला काढता येतात. आणि निळ्या बोटभर माशांचा आपला गुंता? पोमासेंट्रस वंशात डोळ्यामागे, गालाच्या हाडाची मागची कडा करवतीसारखी दातेरी असते. क्रायसिप्टेरात ती सहसा गुळगुळीत. नखाने चाचपून कळेल इतका हा सरळ फरक. फक्त त्यासाठी मासा हातात हवा, आणि स्नॉर्कल लावून तरंगणाऱ्या माणसाच्या हातात तो कधीच येत नाही.

हाती आलाच तरी दुसरी अडचण उभी राहते. मासा मेला की रंग उतरू लागतो. फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलच्या बरणीत वर्षभराने सगळे मासे चहाच्या चोथ्याच्या रंगाचे. ब्लेकरसारख्यांनी रंगीत चित्रं काढवून घेतली ती यासाठीच. हवाईतले जॅक रँडल यांनी यावर एक साधी युक्ती रुळवली. ताज्या माशाचे पर टाचण्यांनी ताणून बसवायचे, त्यांवर ब्रशने फॉर्मॅलिन फिरवायचं म्हणजे ते तसेच ताठ राहतात, आणि रंग शाबूत असतानाच फोटो काढून घ्यायचा. 2020 साली 95व्या वर्षी ते गेले, तोपर्यंत आठशेहून अधिक नव्या प्रजाती त्यांच्या नावावर जमा होत्या. प्रवाळातल्या माशांचं कुठलंही पुस्तक उघडा, पांढऱ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीवर पर पसरून पडलेल्या माशांचे असे फोटो दिसतील. मला ते नेहमी पासपोर्टच्या फोटोसारखे वाटतात. ओळखीला उपयोगी, पण माणूस तसा कधीच दिसत नाही.

रंगाला फितूर म्हणायची पद्धत आहे. त्याला कारणंही भरपूर. एंपरर एंजलफिश मोठेपणी निळ्या-पिवळ्या आडव्या रेघांचा असतो, लहानपणी मात्र गडद निळ्यावर पांढरी वर्तुळं. ब्लॉखने 1787 साली मोठ्याला नाव दिलं. पुढे त्याच्याच 1801च्या ग्रंथात, निकोबारच्या नावाने, या पिल्लाची वेगळी प्रजाती होऊन बसली. पोपटमासे आणि रास नावाचे मासे यांच्यात तर मादीचा नर होतो आणि रंग पार पालटतो; त्या घोळात नवराबायकोला वेगवेगळी शास्त्रीय नावं मिळाल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. डॅमसेलचा निळा तर रंगद्रव्याचाही नव्हे. त्वचेच्या पेशींत ग्वानिनच्या अतिपातळ स्फटिकांच्या चवडी असतात आणि त्यांतलं अंतर बदललं की परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणून घाबरलेला निळा मासा बघता बघता काळपट होतो आणि त्याच दगडामागून दुसरीच प्रजाती बाहेर आली असं वाटतं. त्यात पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. टॉर्च नसेल तर लालभडक मासा मातकट दिसतो.

आणि मुद्दाम फसवणारेही आहेत. लॅब्रॉयडीस डिमिडिएटस हा सफाईवाला रास मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. त्याच्यासारखाच निळा-काळा पट्टा अंगावर ओढून ॲस्पिडॉन्टस टीनिएटस नावाचा ब्लेनी जवळ येतो आणि संधी साधून पराचा लचका तोडतो. दोघांतला फरक तोंडात आहे. खऱ्याचं तोंड मुस्कटाच्या अगदी टोकाला असतं, तोतयाचं खाली, हनुवटीकडे सरकलेलं.

तरीही फितुरीचा आरोप मला पुरता पटत नाही. रंग आपल्यासाठी नाहीतच. ते माशांचे आपापसातले आहेत, आणि आपण दुसऱ्याचं पत्र वाचून अक्षर समजत नाही म्हणून तक्रार करतो आहोत. ऑस्ट्रेलियाच्या रीफवर पोमासेंट्रस अंबोइनेन्सिस आणि पोमासेंट्रस मोलुकेन्सिस हे दोन पिवळे डॅमसेल राहतात. माणसाच्या डोळ्याला दोघे एकाच लिंबाच्या दोन फोडी. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या उलरिके सीबेक आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवून दिलं की दोघांच्या चेहऱ्यावर अतिनील प्रकाशात दिसणारी बारीक ठिपक्या-रेघांची नक्षी आहे, प्रत्येकाची वेगळी. अंबोइनेन्सिस त्या नक्षीवरून आपला कोण आणि परका कोण हे ओळखतो आणि आपल्यातल्याच नरावर जास्त धावून जातो. मोठ्या शिकारी माशांपैकी बऱ्याच जणांना अतिनील दिसत नाही. म्हणजे हा निरोप त्यांच्या डोळ्यांदेखत, पण त्यांना न कळता, दिला जातो. आपणही त्या न कळणाऱ्यांतलेच.

मोजणीवाल्यांचा गर्व उतरवायचं काम कॅरिबियनमधल्या हॅमलेट माशांनी केलं. हायपोप्लेक्ट्रस हा त्यांचा वंश, लांबी वीतभरही नाही. यांच्या दीड डझनाच्या आसपास प्रजाती मानतात: एक गडद निळा, एक काळा, एक पिवळसर, एक उभ्या पट्ट्यांचा. काटे मोजा, खवले मोजा, हाती काही लागत नाही, सगळे सारखे. म्हणून कित्येक वर्षं अनेकांनी त्यांना एकच प्रजाती मानलं. पण संध्याकाळी जोड्या जुळतात तेव्हा हे मासे जवळजवळ नेहमी स्वतःच्याच रंगाचा जोडीदार निवडतात. ऑस्कर पुएब्ला आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा 2019 साली दिसलं ते असं: सगळं जवळजवळ सारखं, फरक मोजक्या तुकड्यांत, आणि तेही दृष्टी आणि रंग यांच्याशी जोडलेल्या जनुकांजवळ. मोजणी बाद, डीएनएचा मोठा भागही बाद. ज्याला फितूर म्हटलं तो रंगच इथे साक्षीदार ठरला.

यावरून डीएनएची बाजू लंगडी ठरत नाही. 2003 साली कॅनडातल्या ग्वेल्फचे पॉल हेबर्ट यांनी सुचवलं की प्रत्येक प्राण्याच्या मायटोकाँड्रियातल्या एकाच जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचावा आणि बारकोडसारखा वापरावा. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या 207 प्रजातींच्या माशांवर ते करून पाहिलं आणि जवळपास सगळ्या वेगळ्या ओळखू आल्या. अंडं, पिल्लू, बाजारातला तुकडा, कशावरूनही नाव लागतं हा मोठाच फायदा. पण हा तुकडा फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर असेल तर बापाचा पत्ता लागत नाही. हॅमलेटसारखे नुकतेच वेगळे झालेले मासे त्यातून निसटतात. आणि ज्या संग्रहाशी हा बारकोड ताडून बघायचा, त्यातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावणारे कोण? काटे मोजणारे, पर टाचणारे तेच ते लोक. चिठ्ठी चुकली असेल तर यंत्र ती चूक अगदी ठामपणे परत देतं.

गोबी नावाच्या बारीक माशांच्या प्रांतात सगळ्याच पद्धती घामाघूम होतात. इव्हिओटा वंशातले मासे दोन-तीन सेंटिमीटरचे. ते पकडायला लवंगेचं तेल लागतं. दातदुखीवर लावतो तेच. प्रवाळाच्या फटीत सोडलं की मासे गुंगतात. मग डोक्यावरच्या संवेदी छिद्रांना निळा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची. यातल्या इव्हिओटा सिजिलाटाचं आयुष्य जास्तीत जास्त 59 दिवस, पृष्ठवंशी प्राण्यांत सगळ्यात कमी म्हणून गाजलेलं. त्याची नीट ओळख पटवून कागद छापून येईपर्यंत त्याच्या कैक पिढ्या होऊन जातात.

आपल्या जवळचं उदाहरण मालदीवचं. 1983 साली चागोस बेटांवरून सापडलेल्या एका पिल्लावरून सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस हे नाव दिलं गेलं. नंतर मालदीवच्या खोल पाण्यात, 40 ते 70 मीटरवर, गुलाबी-किरमिजी रंगाचे देखणे मोठे मासे मिळाले तेव्हा ते त्या पिल्लाचेच थोरले समजून घेतले गेले. तीनेक दशकं सगळे तसंच म्हणत राहिले. पुढे खवले, काटे, रंग आणि डीएनए सगळं एकत्र ठेवून पाहिल्यावर दोन प्रजाती निघाल्या आणि 2022 साली मालदीवच्या माशाला सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा हे नाव मिळालं. नाव देणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचे शास्त्रज्ञ होते. फिनिफेन्मा म्हणजे धिवेही भाषेत गुलाब; लक्षद्वीपच्या मिनिकॉयमध्ये बोलतात तीच ही भाषा. लक्षद्वीपच्या माशांची जोन्स आणि कुमारन यांनी 1980 साली केलेली यादी 603 प्रजातींची आहे. त्यातली किती नावं अशी जवळच्या दुसऱ्या कुणाची तरी म्हणून लागली असतील, असा विचार मनात येतोच.

हल्ली फोटो चढवला की मोबाइल क्षणात नाव सांगतो. मी ते वापरतो, आणि पहिल्या तीन सूचनांपैकी एक बरोबर असते असा माझा अनुभव आहे. अडचण एवढीच की तिन्ही सूचना त्याच आत्मविश्वासाने आलेल्या असतात, आणि फोटोत न दिसणारी गालाची कडा मोबाइललाही दिसत नाही.

मालवणचे सार्जंट राहिले. इथे त्यांच्यापैकी दोन सहज भेटतात. ॲब्युडेफडफ वायगिएन्सिस: पाच पट्टे, पाठ बहुधा पिवळसर. ॲब्युडेफडफ बेंगालेन्सिस: सहा-सात बारीक पट्टे, अंग राखाडी, आणि शेपटीच्या दोन्ही पाळ्या गोलसर. पहिल्याला अटलांटिकमधल्या त्याच्या चुलतभावाच्या नावाने कित्येक वर्षं ओळखत होते. आणि ते निस्तरल्यावर, 2018 साली, जपानमधल्या संशोधकांनी त्याच्यातून ॲब्युडेफडफ कॉडोबायमॅक्युलेटस, म्हणजे शेपटीवर दोन डाग असलेला, ही जुनी बाजूला पडलेली प्रजाती पुन्हा वेगळी काढली. शिवाय अंड्यांवर पहारा देणारा नर निळसर-काळा होतो आणि पट्टे पुसट होतात. म्हणजे मोजायचे तेच नेमके नाहीसे.

मागच्या डिसेंबरात तारकर्लीच्या बाजूला पाणी नेहमीसारखंच गढूळ होतं, हात लांब केला तर बोटं धूसर. दगडाआडून एक सार्जंट आला, माझ्या काचेसमोर थांबला. सहा पट्टे मोजले, सातवा शेपटीच्या मुळाशी होता की ती सावली होती ते कळेना, पाळ्या गोल वाटल्या. तेवढ्यात लाट आली. वहीत लिहिलं: ॲब्युडेफडफ, बहुधा बेंगालेन्सिस, शेपूट नीट पाहायचं राहिलं. होडीवाल्या काकांना विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "खडकातलो बारीक मासो तो. खावक नाय."